कोकणातल्या छोट्या खाद्यउद्योगांसाठी लेबलचे नवे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी मसाला, कुळथाची पिठी, काजूगर, सुकट चटणी असं काही घरी किंवा बचत गटात बनवून पाकिटात घालून विकणाऱ्यांसाठी हे पान आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे पदार्थ करणारे हात तेच आहेत, पण पाकिटावर काय लिहायचं याचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. लेबल लावायला मदत करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

नियम नेमके कुठले आणि ते कधी बदलले?

पूर्वी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा (१९५४) होता, फळांच्या पदार्थांसाठी वेगळा फळ उत्पादने आदेश (१९५५) होता, आणि असे आणखी काही आदेश होते. ते सगळे २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात एकत्र आले आणि त्यातून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे आपण म्हणतो ते एफएसएसएआय, उभं राहिलं. २०११ साली पॅकिंग आणि लेबल या दोन्हींचे नियम एकाच नियमावलीत आले. पुढे पॅकिंगचे नियम वेगळे झाले आणि लेबलसाठी २०२० ची ‘लेबलिंग अँड डिस्प्ले’ नियमावली आली. तिच्या बहुतेक तरतुदी नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाल्या. तुमचं लेबल त्याआधीच्या नमुन्यावरून छापलेलं असेल तर ते आज अपुरं ठरण्याची शक्यता मोठी आहे.

आमचा गट अगदी लहान आहे. आम्हालाही हे सगळं लागू होतं का?

होतं. उलाढाल कमी असेल तर परवान्याऐवजी नोंदणी पुरते, आणि तिची फीही किरकोळ असते. मात्र पदार्थ आधीच पाकिटात किंवा बाटलीत भरून विकायला ठेवला की लेबलचे नियम सगळ्यांना सारखेच. नोंदणी असो वा परवाना, १४ अंकी क्रमांक मिळतो, आणि तो एफएसएसएआयच्या चिन्हासह पाकिटावर छापावा लागतो. अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर होतो.

मला हा नियम योग्य वाटतो. मधुमेही माणसाच्या पोटात गेलेली साखर मोठ्या कारखान्यातली की आपल्या पडवीतली, याने त्याच्या रक्तातल्या साखरेला काही फरक पडत नाही. लहान उत्पादकाला सवलत द्यायची तर ती फीमध्ये द्यावी, मार्गदर्शनात द्यावी. खाणाऱ्याला कळायलाच हवं अशा माहितीत सवलत नको.

घटकांची यादी कुठल्या क्रमाने लिहायची? कोकम सरबतात ‘कोकम’ पहिलं लिहिलं तर चालेल का?

क्रम वजनाचा. बनवताना जो घटक सर्वांत जास्त पडला तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. बहुतेक घरांत रातांब्याच्या सालींपेक्षा साखर जास्त पडते, तेव्हा यादीत ‘साखर’ पहिली येणार आणि ‘कोकम’ दुसरं. ही गोष्ट अनेकांना खटकते. ‘आम्ही कोकम विकतो, साखर नव्हे’ हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. पण बाटलीत जे आहे ते तसंच आहे, आणि ते जाणून घेण्याचा खाणाऱ्याला हक्क आहे. साखर कमी करून टिकाऊपणा राखता आला तर क्रम आपोआप बदलेल. नुसता क्रम बदलून छापणं ही दिशाभूल आहे.

याच यादीच्या आणखी काही बाबी. पाणी घातलं असेल तर तेही लिहायचं. ‘खाद्यतेल’ एवढंच लिहून भागत नाही. शेंगदाणा तेल, पामोलीन, खोबरेल यांपैकी कुठलं ते नावानिशी लिहायचं. लोणच्यासारख्या पदार्थात मसाल्यांचा उल्लेख ‘मसाले’ असा एकत्र करता येतो. एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल, उदाहरणार्थ विकतचा तयार मसाला, तर त्याचे घटक कंसात द्यायचे. त्याचं प्रमाण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर कंसाची सूट मिळते, पण त्यात एखादं परिरक्षक (पदार्थ टिकवणारं द्रव्य) किंवा रंग असेल तर तो लिहावाच लागतो. आणि पदार्थ मुळात एकाच घटकाचा असेल तर यादीची गरज नाही.

पोषणमाहितीच्या चौकटीत काय काय लागतं?

ऊर्जा किलोकॅलरीत; प्रथिनं; कर्बोदकं, आणि त्यात एकूण साखर व वरून घातलेली साखर वेगवेगळी; एकूण स्निग्ध, संपृक्त स्निग्ध, ट्रान्स फॅट; कोलेस्टेरॉल; आणि सोडियम. हे सगळं दर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमागे द्यायचं. याशिवाय एका वेळच्या वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, तेही लिहायचं. हा टक्का काढण्यासाठी दिवसाचा हिशेब ठरवून दिलेला आहे: २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्ध, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ.

कोकम सायरपचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या १०० मिली सायरपमध्ये ६० ग्रॅम साखर आहे. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ किलोकॅलरी, तर साखरेतूनच २४० किलोकॅलरी झाल्या. एका ग्लासाला ३० मिली सायरप लागतं असं धरलं तर ग्लासात १८ ग्रॅम साखर आली. ५० ग्रॅमच्या मर्यादेच्या ती ३६ टक्के होते. उन्हातून आलेल्या पाहुण्याने दोन ग्लास घेतले की दिवसाच्या मर्यादेचे जवळजवळ तीन चतुर्थांश संपले. साखरेऐवजी गूळ वापरला तरी तो ‘वरून घातलेली साखर’ याच रकान्यात मोजायचा.

आता आगळ. त्यात साखर नसते म्हणून ते निर्धास्तपणे घेतलं जातं, पण तिथे प्रश्न मिठाचा. १०० मिली आगळात १५ ग्रॅम मीठ असेल तर सोडियम सुमारे ५९०० मिलिग्रॅम होतं. सोलकढीच्या एका वाटीसाठी १० मिली आगळ धरलं तर ५९० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या जवळजवळ ३० टक्के. रक्तदाब असलेल्या माणसाला हा आकडा ठाऊक हवा. मिठाचं सोडियम काढण्याचा हिशेब सोपा आहे: १ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम.

हे आकडे प्रयोगशाळेतूनच आणावे लागतात का?

प्रयोगशाळेचा अहवाल असणं उत्तम. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकदा तपासून घेतलं की मनावरचं ओझं उतरतं. पण ठरलेल्या पाककृतीवरून आणि सर्वमान्य तक्त्यांवरून गणित करून आकडे काढण्याची पद्धतही चालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, ते यासाठी कामी येतात. प्रथिनं आणि कर्बोदकं ४ ने गुणायची, स्निग्ध ९ ने, आणि बेरीज म्हणजे ऊर्जा.

एक अट मात्र पाळाच: पाककृती दर वेळी मोजून व्हायला हवी. एकीचा हात सढळ, दुसरीचा आखडता असं झालं तर कुठलाही तक्ता खरा ठरणार नाही. दुसऱ्या कुणाच्या बाटलीवरचे आकडे उतरवून घेणं तर अजिबात नको. दोन घरांच्या सरबतांत साखर सारखी नसते.

पोषणमाहिती कुणाला लागत नाही?

एकाच घटकाच्या, प्रक्रिया न केलेल्या पदार्थांना लागत नाही. मीठ, चहा अशा काही वस्तूंनाही सूट आहे. आंबापोळीला मात्र ‘नुसता आंबाच तर आहे’ म्हणून सूट मिळेल असं धरू नका. रस आटवून, वाळवून ती झालेली असते.

छोट्या पाकिटावर एवढं सगळं मावत नाही. मग?

पाकिटाचं पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर घटकांची यादी, पोषणमाहिती, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याच्या सूचना त्या पाकिटावर नसल्या तरी चालतात. ज्या मोठ्या खोक्यातून किंवा पिशवीतून ती पाकिटं जातात, तिच्यावर ही माहिती हवी. टपरीवर टांगायच्या आमसुलांच्या छोट्या पुड्यांना याचा उपयोग होतो. मोठ्या बरणीला छोटं लेबल चिकटवून ही सूट मिळत नाही. मोजायचं ते पाकीट, लेबल नव्हे.

सरबतात केएमएस घालतो. ते कसं लिहायचं?

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ते परिरक्षक आहे, आणि त्याचा आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात मिसळायच्या अशा द्रव्यांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, २२४. लेबलवर आधी कामाचा प्रकार आणि मग नाव किंवा क्रमांक असं येतं: ‘परिरक्षक (आयएनएस २२४)’. सोडियम बेन्झोएट असेल तर २११, आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड असेल तर ‘आम्लता नियंत्रक (आयएनएस ३३०)’. किती घालायचं याची कमाल मर्यादा पदार्थागणिक ठरलेली आहे. ती तपासल्याशिवाय अंदाजाने चमचा टाकू नका.

केएमएसबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक लेबलांवर राहून जाते. सल्फाइटचं प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ते ॲलर्जीच्या यादीत येतं आणि वेगळं जाहीर करावं लागतं. परिरक्षक म्हणून वापरलेलं केएमएस सहसा त्या मर्यादेच्या वर जातं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने खरोखर त्रास होतो, तेव्हा ‘यात सल्फाइट आहे’ ही ओळ त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

रंगाबाबतही स्पष्ट सांगते. कोकमाचा लाल रंग उजेडात फिका पडतो म्हणून वरून कृत्रिम रंग घालणारे आहेत. परवानगी असलेला रंग घातला तर तो लेबलवर जाहीर करावाच लागतो. त्यापेक्षा बाटली उन्हाआड ठेवावी आणि फिका रंग गिऱ्हाइकाला समजावून सांगावा.

ॲलर्जीची घोषणा आणखी कशाकशासाठी?

ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, मासे, दूध, अंडी, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि वर सांगितलेलं सल्फाइट. आपल्या किनाऱ्यावर ही यादी अगदी रोजच्या स्वयंपाकातली आहे. जवळ्याची चटणी, सुकट मसाला म्हणजे कवचधारी. बोंबलाची चटणी म्हणजे मासे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण कोलंबी-जवळा न चालणाऱ्याला बोंबील चालू शकतो. तेव्हा नुसतं ‘सुकी मासळी’ लिहू नका, काय आहे ते नावाने लिहा.

एकाच जागी काजूची कतली आणि नाचणीचे लाडू होत असतील, भांडी तीच असतील, तर लाडवाच्या पाकिटावर ‘यात काजूचा अंश असू शकतो’ असं लिहावं. हे वाचून गिऱ्हाईक बिचकेल ही भीती मी समजू शकते. पण ज्याला काजू चालत नाही, त्याच्या जिवाशी गाठ असते.

हिरवा ठिपका ठाऊक आहे. मांसाहाराची खूण बदलली का?

हो. शाकाहाराला हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, तो तसाच आहे. मांसाहाराला आता तपकिरी चौकटीत तपकिरी भरीव त्रिकोण. आधी तिथेही गोलच होता, आणि रंग नीट न ओळखता येणाऱ्यांची त्यात फसगत व्हायची. जुन्या नमुन्यावर चटणीची लेबलं छापून घेतलेली असतील तर हे पहिलं तपासा. अंडं घातलेला पदार्थ मांसाहारी खुणेतच येतो.

लेबल फक्त मराठीत चालेल का?

नाही. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. त्याच्या जोडीने मराठी हवं तेवढं लिहिता येतं, फक्त दोन्हीकडे माहिती सारखी हवी.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की मराठी लिहाच. आपला माल विकत घेणारी बरीच माणसं मराठी वाचणारी आहेत, आणि घरात रक्तदाबाची गोळी घेणारी आजी इंग्रजी चौकट वाचत बसणार नाही. निदान घटकांची यादी, ॲलर्जी, मीठ आणि साखर एवढं मराठीत आणि वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात द्या. मोठ्या कंपन्यांना प्रत्येक भाषेत पाकीट छापणं जड जातं. आपल्याला ते सहज जमण्यासारखं आहे.

‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘पित्तनाशक’ असं लिहिता येतं का?

यासाठी २०१८ ची जाहिरात व दाव्यांची वेगळी नियमावली आहे. ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ या शब्दांना अटी घातलेल्या आहेत. ‘घरगुती’सारखे शब्द खाणाऱ्याचा गैरसमज होईल अशा रीतीने वापरता येत नाहीत. यंत्रावर, कामगार लावून, टनावारी माल काढायचा आणि वर ‘घरगुती’ छापायचं हे त्यात बसत नाही.

‘पित्तनाशक’, ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘वजन घटवणारं’ हे मात्र सरळ काढून टाका. अन्नपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. कोकमाने पोटाला थंड वाटतं हा आपला अनुभव खरा असला, तरी बाटलीवर तो औषध म्हणून विकायचा नसतो. ‘शुगर फ्री’ लिहायचं तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीत साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणीकरणाची व्यवस्था आणि तिचे नियम वेगळे आहेत.

जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने संहत (आटवून घट्ट केलेल्या) रसात पाणी घालून केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितला. आंब्याच्या रसाचे डबे-बाटल्या विकणाऱ्यांनी आपली जुनी छपाई या नजरेने बघावी.

पाकिटावर हापूसचं चित्र टाकलं तर काही बंधन?

चित्राने किंवा ठळक शब्दांनी एखादा घटक पुढे केला की तो पदार्थात किती टक्के आहे ते यादीत लिहावं लागतं. ‘आंब्याचा गर (४० टक्के)’ असं. मला हा नियम सगळ्यांत आवडतो, कारण भरपूर गर घालणाऱ्याला यात आपोआप न्याय मिळतो. नुसता वास आणि रंग घालून वर आंब्याचं चित्र छापणाऱ्याच्या शेजारी तुमची बाटली उभी राहिली की तो आकडाच बोलतो.

नावाबद्दलही काळजी घ्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी.

तारखा कशा छापायच्या?

बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही तारीख, दोन्ही बंधनकारक. ‘बेस्ट बिफोर’ हवं तर जादा द्या. पदार्थ तीन महिने किंवा त्याहून कमी टिकणारा असेल तर दिवस, महिना, वर्ष. जास्त टिकणारा असेल तर महिना आणि वर्ष पुरतं. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा ध्यानात घेऊन मुदत ठरवा. देशावर सहा महिने टिकणारं पीठ आषाढात मालवणात तेवढं टिकेलच असं नाही.

किंमत, वजन आणि तक्रारीचा पत्ता?

हे वैधमापन खात्याच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांखाली येतं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडते ते, आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. मासळी किंवा पिठी गिऱ्हाइकासमोर तोलून कागदात बांधून दिली तर ती आधीच पॅक केलेली वस्तू ठरत नाही.

व्हॉट्सॲपवर किंवा ऑनलाइन ऑर्डर घेतो. वेगळं काही?

गिऱ्हाइकाने पैसे भरायच्या आधी लेबलवरची बंधनकारक माहिती त्याला दिसायला हवी; बॅच क्रमांक आणि तारखा यांना यातून सूट आहे. पाकिटाच्या मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो यादीत टाकणं हा सर्वांत सोपा मार्ग.

आमची खानावळ आहे. मेनूवर कॅलरी लिहायच्या का?

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांसाठी तो नियम आहे. गावातल्या एकट्या खानावळीला नाही.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला तारे किंवा इशारा येणार म्हणतात, ते काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने एक मसुदा काढला. त्यात पाकिटाच्या पुढे अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतचं मानांकन सुचवलं होतं. जुलै २०२४ मध्ये एकूण साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्ध यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरात छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं आणि नंतर मुदत वाढवून दिली. अंतिम नियम राजपत्रात येईपर्यंत आपण होऊन पाकिटावर तारे छापू नका.

ताऱ्यांवर आरोग्यक्षेत्रातल्या अनेकांचा आक्षेप आहे, आणि तो मला पटतो. २०२२ च्या मसुद्यात साखर-मिठाचे गुण वजा होत, तर फळं, सुकामेवा, तंतू, प्रथिनं यांचे गुण जमेस धरले जात. त्यामुळे भरपूर साखर असलेल्या पदार्थालाही काजू घातल्याने बरे तारे मिळू शकतात. चिलीने २०१६ पासून ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’ असे काळे अष्टकोन पाकिटाच्या पुढे आणले. अक्षरओळख जेमतेम असलेल्यालाही ते कळतात. आपल्याकडे असा इशारा आला तर सरबताच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांवरही तो येईल, हे मी धरून चालते. तरीही तो यावा असंच मला वाटतं.

नियम सारखे बदलतात. छापलेल्या लेबलांचा गठ्ठा वाया जातो. काय करायचं?

ही तक्रार रास्त आहे. यावर उपाय म्हणून लेबलच्या नियमांतले बदल दरवर्षी १ जुलैपासूनच अमलात आणण्याचं धोरण प्राधिकरणाने स्वीकारलं आहे. आंब्याचा हंगाम मे-जूनमध्ये आटोपतो, तेव्हा पुढच्या हंगामाची लेबलं जुलैनंतर तपासून मगच छापायला टाका. एका वेळी दोन वर्षांचा साठा छापून घेऊ नका. स्वस्त पडतो पण अंगाशी येतो.

चूक झाली तर दंड किती?

लेबलमधल्या दोषासाठी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ३ लाख रुपयांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ प्रमाणे १० लाखांपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. दंड ठरवताना चूक अजाणता झाली का, पुन्हा पुन्हा झाली का, तिच्यातून किती फायदा झाला, हे पाहावं असं कायद्यातच आहे. सुधारणा करण्याची नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. मुदतीत दुरुस्ती करून लेखी कळवा आणि पोच घ्या.

आमचं म्हणणं सरकारपर्यंत पोहोचवता येतं का?

येतं, आणि कोकणातून ते फार कमी पोहोचतं. नियम बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत दिलेली असते. मसुदा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो, आणि कुणीही नागरिक ईमेलने किंवा पत्राने आपलं म्हणणं पाठवू शकतो. नुसतं ‘नियम जाचक आहे’ लिहून उपयोग होत नाही. कलम कुठलं, अडचण काय, आणि त्याऐवजी काय शब्द हवेत, असं तीन भागांत लिहा. ‘आगळ हे पातळ करून घेतलं जातं, तेव्हा सोडियमचा इशारा १०० मिलीवर ठरवायचा की वाढणीवर?’ हा दिल्लीतल्या टेबलावर सहज सुचणारा प्रश्न नाही. तो आपणच विचारायला हवा. इंग्रजीत लिहिणं जमत नसेल तर बचत गटांच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एकत्र बसून मुद्दे काढा, तालुक्यातल्या महाविद्यालयातल्या कुणाकडून मसुदा तपासून घ्या, आणि मुदत संपायच्या आत सगळ्या गटांच्या सह्यांनिशी पाठवा.